दारात अडकलेली माणसं

साळवी काकू चारचौघांत आपल्या नवऱ्याला पाय घालून पाडायला बघतात, अशी बातमी त्यांच्या सासरच्या सगळ्या नातेवाइकांत पसरली होती. बातमी खोटी नव्हती, लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ठाण्यात एका बारशाला साळवी काका हॉलच्या दारापाशी आले, तिथेच थांबले, आणि काकूंनी सरळ आपला पाय त्यांच्या पायांपुढे आडवा घातला. काका तो ओलांडून आत गेले आणि खुर्चीवर बसले. काकूंच्या जाऊबाईंनी त्या दिवशी बाळापेक्षा या विषयावर जास्त चर्चा केली.

पाय घालायला काकूंना मी शिकवलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचे पेशंट बघणारी. डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक होतं. यंदा ते माझ्या एका विद्यार्थिनीच्या हवाली करून मी घरी बसले आहे. घरी बसलेल्या माणसाला सगळे विचारतात, "मग आता काय करता?" आणि काम करत होते तेव्हा विचारायचे, "फिजिओ म्हणजे तुम्ही मालिश करता ना?" मालिश मी आयुष्यात फारसं केलेलं नाही. मी जे केलं ते सांगायला फार विचित्र वाटतं. मी मोठ्या, शहाण्यासुरत्या माणसांना दारातून आत कसं यायचं ते शिकवलं.

पार्किन्सन म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. थरथरीने माणूस लाजतो, पण बहुतेकांचं तिच्यामुळे फार अडत नाही. अडतं ते पुढेच. आत्ता हा अंक बाजूला ठेवून तुम्ही पाणी प्यायला उठलात, तर कुठला पाय आधी टाकला हे परत आल्यावर तुम्हाला सांगता येणार नाही. चालणं, वळणं, हात हलवणं ही कामं मेंदूचा आतला एक भाग आपल्याला न विचारता परस्पर करत असतो. त्यासाठी त्याला डोपामिन नावाचं एक रसायन लागतं. पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू संपत जातात. मग अक्षर बारीक होतं, पावलं आखूड होतात, आवाज लहान होतो, चेहरा हसायचा थांबतो. आणि एक दिवस माणूस दारात येतो आणि त्याचे पाय फरशीला चिकटतात. लिफ्टच्या तोंडाशी, वळणावर, अरुंद पॅसेजमध्येही चिकटतात, पण दारात सगळ्यात जास्त. तिथेच का, हे डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत.

मजा अशी की त्या माणसापुढे जमिनीवर एक रेघ ओढली तर तो ती ओलांडतो. कारण रेघ ओलांडणं हे परस्पर होणारं काम नाही. ते बघून, ठरवून करायचं काम आहे आणि त्याचा हुकूम मेंदूतून दुसऱ्याच वाटेने येतो. ती वाट शाबूत असते. रेघ नसेल तर काठी चालते, चिकटपट्टी चालते, बायकोचा पाय चालतो. तालही चालतो.

साळवी काकांची तर सायकल चालायची. ते वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात टर्नर होते, निवृत्त होऊन डोंबिवलीला राहायला आलेले. पलंगापासून गॅलरीपर्यंत जायला त्यांना काकूंचा पाय लागायचा, पण सायकलवर बसवून दिलं की तरुण पोरासारखे सुटायचे. अडचण फक्त उतरायची. सायकलवर यायचं नाही अशी मी त्यांना सक्त ताकीद दिली होती आणि ते सायकलवरच यायचे. क्लिनिकसमोरच्या मोकळ्या जागेत घंटी वाजवत गोल गोल फिरत राहायचे, आतून कोणीतरी येऊन सायकल धरेपर्यंत. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटायचं की हाच माझा उपचार आहे. ते मला म्हणाले, "मॅडम, याने गुडघ्यालाही फायदा होतो का?"

मंगळवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा पार्किन्सनचा ग्रुप जमायचा. फरशीवर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असायच्या आणि आठ-दहा माणसं त्यांवरून गुडघे उचलत चालायची. मध्येच सगळे मिळून जोरात "आ" करायचे, कारण आवाजालाही व्यायाम लागतो. बाहेरून जाणारे खिडकीत थबकायचे. एका बाईंनी आत येऊन गाण्याच्या क्लासची फी विचारली होती.

या ग्रुपमध्ये दामले बाई होत्या. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. ताठ बसणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या, म्हणजे एके काळी. पार्किन्सनने त्यांचे हातपाय तसे सोडून दिले होते आणि आवाज धरला होता. इतका की रिक्षावाल्याला "इथेच थांबा" म्हटलेलं त्याला ऐकू जायचं नाही आणि बाई थेट स्टँडपर्यंत जाऊन पायी परत यायच्या. "अख्ख्या कल्याणला मी लाइनवर थांबवून ठेवलेलं आहे," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "आणि आता मला एक रिक्षा थांबवता येत नाही." त्या हे विनोद म्हणून सांगायच्या नाहीत. मीच हसू दाबायची.

आणि मग एका मंगळवारी गोमाशेठ आले.

आधी त्यांची गाडी आली आणि सोसायटीच्या गेटात अडकली. मग गोमाशेठ उतरले आणि हॉलच्या दारात अडकले. पांढरे स्वच्छ कपडे, गळ्यात जाड चेन, उंचापुरा म्हातारा. ठाकुर्लीच्या बाजूला खाडीकडे त्यांचं गाव. लहानपणी वडिलांबरोबर भातशेती केलेली, मिठागरात राबलेले. आता त्या शेतांवर टॉवर उभे आहेत आणि गोमाशेठ नुसते शेठ आहेत. त्यांचा मुलगा विलास मागे उभा राहून हळू आवाजात म्हणत होता, "बाबा, चला ना. लोक बघतायत."

"मी कशाला थांबतंव?" गोमाशेठ म्हणाले. "पाय थांबलान."

मी पुढे होऊन त्यांच्या पायांपुढे लाल चिकटपट्टी लावली आणि म्हटलं, "शेठ, ही ओलांडा."

त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाय उचलून आत आले. आत आल्यावर मान वळवून पुन्हा त्या पट्टीकडे बघितलं.

"एवराच?" त्यांनी विचारलं.

विलासला मात्र ते एवढंसं वाटलं नाही. तो बाजूला जाऊन खिडकीबाहेर बघत उभा राहिला आणि बराच वेळ त्याने रुमाल खिशात ठेवला नाही.

गोमाशेठ घराबाहेर पडायचे बंद झाले होते. पुतण्याच्या लग्नात ते चालताना झोकांडले, बोलताना जीभ जड झाली, आणि मांडवात कुजबुज झाली की म्हातारा पिऊन आलाय. हेच त्यांना लागलं होतं. मला म्हणाले, "बाय, पित होतू तवा कोन काय बोलला नाय. नात झाली तवा सोरली. आता सगली बोलतान पिऊन आला." हे सांगताना त्यांचा चेहरा लाकडासारखा होता. पार्किन्सनमध्ये तसाच होतो. आत राग आहे, दुःख आहे की थट्टा आहे, बाहेरून काही कळत नाही. थट्टा पुष्कळ असायची, हे मला नंतर कळलं.

सुरुवातीला ते माझं काहीच ऐकायचे नाहीत. तालावर चालण्यासाठी मी फोनवर टिकटिक लावायची. दोन पावलं टाकून ते उभे राहिले. "या टिकटिकीवर चालाला मी घरयाल हाय का?" म्हणाले. मग मी दामले बाईंना आकडे मोजायला सांगितले. बाई उभ्या राहून मोजू लागल्या. गोमाशेठ थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ही बाय बोलतं का नुसता ओठ हलवतं?"

दामले बाईंचे कान लाल झाले. त्यांनी श्वास घेतला. "मी बोलते आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकत नाही आहात."

ते वाक्य हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचलं होतं. कित्येक महिने मी त्यांच्याकडून "आ" करवून घेत होते आणि तो कधी टेबलापलीकडे गेला नव्हता. बाईंनाही आपलाच आवाज ऐकून दचकायला झालं. गोमाशेठ म्हणाले, "आता कसा," आणि चालायला लागले.

त्या दिवसापासून मी त्या दोघांची जोडी लावली. बाई मोजायच्या, शेठ चालायचे. आवाज पडला की शेठ जागीच उभे राहायचे आणि "लाइन कट झाली" म्हणायचे. बाई संतापायच्या आणि आवाज चढायचा. दोघांचं मराठी एकमेकांना निम्मंच कळत होतं. बाई त्यांना "आपण" म्हणायच्या आणि शेठ मागे वळून बघायचे, आणखी कोण आलंय ते.

नाचाचं कळलं ते अगदी अचानक. ग्रुप संपला होता, गोमाशेठ पाण्याच्या कूलरपाशी चिकटले होते आणि मी चिकटपट्टी शोधत होते. तेवढ्यात विलासचा फोन वाजला. रिंगटोन म्हणून त्याने हळदीतलं एक बेंजोचं गाणं ठेवलेलं होतं. गोमाशेठचे खांदे हलले. मग कंबर. मग ते कूलरपासून सुटले आणि हॉलच्या मधोमध नाचत आले, गुडघ्यात वाकून, एक हात डोक्यावर. चेहऱ्यावर काही नाही, आणि खांद्यांत सगळं. विलासने फोन उचलला, गाणं बंद झालं आणि गोमाशेठ जिथल्या तिथे उभे राहिले.

"फोन ठेव," दामले बाई विलासला म्हणाल्या. "त्यांना परत फोन करायला सांग."

असं होतं हे मला माहीत होतं. चालता न येणारी माणसं तालावर नाचतात, जिने चढतात, साळवी काकांसारखी सायकल मारतात. तरी प्रत्यक्ष बघताना दर वेळी मला वेड्यासारखं हसू फुटायचं. विलासने मग सांगितलं की गावात कोणाचीही हळद असो, बाबांना न्यायला माणूस यायचा. ते नाचायला उतरल्याशिवाय हळदीला रंग चढायचा नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावी लागणार नाही. हा आजार थांबत नाही. आम्ही सगळे मिळून तो थोडा लांबवतो, एवढंच. साळवी काका आता नाहीत. गोमाशेठ आज बहुतेक वेळ पलंगावर असतात, बोलणं अगदी कमी झालंय. मी जाते, पाय हलवून देते, गाणी लावते. कधी खांदा हलतो, कधी नाही. घरी परतताना रिक्षात मला वाटतं की आपल्याला फार थोडं येत होतं. पण मी सांगतेय ती गोष्ट त्याआधीची आहे.

गोमाशेठच्या नातीचं लग्न ठरलं. प्रणाली तिचं नाव, ठाण्यात एका ऑफिसात नोकरीला. एका मंगळवारी ती ऑफिस सोडून माझ्याकडे आली. घरात ठरलं होतं की हळदीला आजोबांना वरच्या खोलीत बसवायचं आणि खालचा कार्यक्रम त्यांना मोबाइलवर दाखवायचा. पाहुण्यांसमोर काही झालं तर परत तीच कुजबुज. आणि पडले तर मग बघायलाच नको.

"आजोबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणूनच आलेय," प्रणाली म्हणाली. "मी बाबांना सांगितलंय, ते वर बसले तर मी पण वर जाऊन बसेन. मग खाली हळद कोणाला लावायची ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी विलास आला. तो काही वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "मॅडम, ते पडणार नाहीत याची तुम्ही गॅरंटी देता का?"

"नाही देत," मी म्हटलं. "पडू शकतात. वरच्या खोलीत पलंगावरून उतरतानाही पडू शकतात. तिथे फक्त बघायला कोणी नसेल."

बोलले खरी, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस बऱ्याचदा परत उभाच राहत नाही. आणि त्यांना नाचू द्या असं सांगणारी मी होते.

मग आम्ही तयारीला लागलो. या आजाराची गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने अंग मोकळं होतं, काही तास बरे जातात आणि मग परत जडपणा येतो. भटजींनी मुहूर्त काढून दिला होता आणि त्याला मला माझ्या गोळीचा मुहूर्त जुळवायचा होता. गोमाशेठच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी वेळा बदलून दिल्या, मटणाने गोळीचा असर कमी होतो म्हणून गोळीच्या आसपास ते नको म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "नाचू द्या त्यांना. मला पण बोलवा." हळदीच्या दिवशी मटण नको हे गोमाशेठना सांगण्याचं काम मी विलासवर सोपवलं. आदल्या दिवशी मी बंगल्यावर जाऊन मांडवातला गालिचा बघितला, कडा दुमडत होत्या म्हणून तो काढायला लावला. शेठच्या कमरेला जाड पट्टा बांधायचा आणि दोन पुतण्यांनी दोन बाजूंना राहून नाचता नाचता तो धरायचा, असं ठरलं. पुतण्यांची तालीम घेतली. ते इतके चांगले नाचत होते की पट्टा धरायला विसरत होते.

हळदीच्या संध्याकाळी दामले बाई पिवळी साडी नेसून माझ्या दारात हजर. आमंत्रण त्यांनाही होतं. मांडवात पोचल्या पोचल्या गावच्या बायकांनी त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, थोडा विचार केला आणि परत ठेवून दिला.

बेंजो सुरू झाला. प्रणालीला हळद लागली. पोरं, बाया, काका, मामा सगळे नाचत होते. गोमाशेठ पुढच्या खुर्चीवर बसले होते, लाकडी चेहऱ्याने. एक गाणं झालं. दुसरं झालं. विलास दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघत होता आणि मी घड्याळाकडे. गोळी घेऊन पुरेसा वेळ झाला होता.

तेवढ्यात दगडू ढोलवाला पुढे आला. पन्नाशी उलटलेला, गावातलाच माणूस. त्याने शेठच्या खुर्चीसमोर येऊन वाकून नमस्कार केला आणि ढोलावर जोरात थाप मारली. गोमाशेठचा डावा खांदा हलला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. ते उठले. कोणी हात दिला नाही, ते आपोआप उठले. पुतण्यांनी पट्टा धरला आणि शेठ मांडवाच्या मधोमध गेले. बाजूला सरकत लोकांनी गोल केला. मग वाकणं, उठणं, गिरकी, पुन्हा वाकणं. गिरकीला माझी परवानगी नव्हती. प्रणाली हळदीने भरलेल्या हातांनी त्यांच्यासमोर नाचत होती आणि त्यांचा पांढरा सदरा पिवळा करत होती. विलास आधी फोनवर शूटिंग करत होता, मग फोन कुणाच्या तरी हातात देऊन स्वतःच घुसला. मीही नाचले. मला नाचता येत नाही, पण तिथे कोणी विचारत नव्हतं.

आणि लाइट गेली.

बेंजो गेला, माइक गेला, दिवे गेले. मोबाइलच्या टॉर्चा पेटल्या. मांडवाच्या मधोमध गोमाशेठ पुढे वाकून, एक हात वर करून उभे होते. हलत नव्हते. मी धावत जवळ गेले.

"बाय," ते हळूच म्हणाले, "मना जावाचा हाय."

"कुठे?"

"बाथरूमला. आताच."

हेही या आजारात असतं. घाई लागली की वेळ देत नाही. बाथरूम बंगल्यात, ओटा चढून, पुढचं दार, मग पॅसेज, मग दुसरं दार. मी पर्समध्ये चिकटपट्टी शोधू लागले. अंधारात ती सापडेना. मी आकडे मोजायला लागले, पण चारी बाजूंनी लोक एकदम बोलत होते, जनरेटर कुठाय, कोणाला फोन करा, पाणी आणा. माझा आवाज माझ्यापर्यंतच राहत होता. पुतण्यांनी शेठला काखेत धरून उचलायला सुरुवात केली.

"उचलू नका," गोमाशेठ म्हणाले. "मी नवरी हाय का?"

दामले बाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मला त्यांचा श्वास घेतलेला दिसला, पोट भरून, मी शिकवला होता तसा.

"शांत राहा सगळे," त्या म्हणाल्या.

मांडव गप्प झाला. शेवटच्या रांगेत जेवायला बसलेली माणसंसुद्धा वळून बघू लागली.

"ढोलवाले, वाजवा."

"लाइट नाय, बाय," दगडू म्हणाला.

"ढोलाला लाइट कशाला लागते?"

दगडूने क्षणभर आपल्या ढोलाकडे बघितलं आणि थाप दिली. मघाचं अर्धवट राहिलेलं गाणं बायकांनी तोंडाने उचललं, मग सगळ्यांनी. गोमाशेठचा पाय सुटला. आणि मांडवातून वरात निघाली. पुढे दगडू उलटा चालत, मागे गोमाशेठ नाचत, दोन बाजूंना पुतणे, त्यांच्यामागे नवरी, विलास, दामले बाई, मी, आणि टॉर्च घेतलेलं अर्धं गाव. ओटा चढलो, पुढच्या दारात दगडूने ताल वाढवला, शेठ आत. पॅसेजमध्ये ढोल इतका घुमत होता की भिंतीवरचे फोटो हलत होते. बाथरूमच्या दारातून शेठ आणि विलास आत गेले, दार लोटलं गेलं.

दगडूने हात थांबवला.

"थांबू नका," मी ओरडले. "त्यांना परत यायचंय."

म्हणून सगळं गाव बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून गात होतं. तेच गाणं, पहिल्यापासून परत, परत एकदा. हळद लागलेली प्रणाली भिंतीला टेकून हसून हसून खाली बसली होती. एक मामा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, आमच्यात असं करायची पद्धत नाहीये हो." मी म्हटलं, आमच्यातही नाही.

दार उघडलं. गोमाशेठ उंबऱ्यापाशी उभे होते, दोन्ही हात चौकटीला. विलास मागे. ढोल वाजतोय, लोक गातायत, आणि शेठ हलेनात. दगडूने जोर वाढवला. काही नाही. दामले बाईंनी मोजायला सुरुवात केली, खणखणीत आवाजात. काही नाही. औषधाचा असर संपला असणार, एवढ्या नाचाने लवकरच संपला असणार, आणि आता या अरुंद जागेत ते मागे कोसळले तर विलासच्या अंगावर, फरशीवर. तेवढ्यात बोटांना चिकटपट्टी लागली. मी पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसले, उंबऱ्यापुढे एक पट्टी लावली, तिच्यापुढे दुसरी लावली, आणि वर बघून म्हटलं, "शेठ, ही रेघ बघा. फक्त ही रेघ."

त्यांनी रेघेकडे बघितलं नाही. चौकटीवरचा एक हात सोडून बोट वर केलं. दगडू थांबला, लोक थांबले.

"गाना बदला," गोमाशेठ म्हणाले.

"काय?" मी म्हटलं.

"कवापासून योच गाना चाललाय. नाचाला यो, चालाला यो, आत बसलू तरी योच. मी नाय येत ह्या गान्यावर."

दगडूने ढोलाचा पट्टा सावरला. "कंचा वाजवू, शेठ?"

गोमाशेठ विचार करू लागले. चौकट धरून, अजिबात घाई न करता, त्या लाकडी चेहऱ्याने, आणि अर्धं गाव टॉर्च धरून त्यांच्या उत्तराची वाट बघत उभं. मला हसू आवरेना. खाली बसल्या बसल्या मी तोंडावर हात दाबला तर तळव्याला चिकटलेली पट्टी गालाला चिकटली.

"तुझा बापूस वाजवाचा तो वाजव," गोमाशेठ म्हणाले.

दगडूने ताल बदलला. गोमाशेठ उंबरा ओलांडून नाचत बाहेर आले, आणि मला पटकन एका बाजूला सरकावं लागलं, कारण त्यांच्या वाटेत आता फक्त मीच बसलेली होते.